आकाश गुलाबी झालं तेव्हा मी आमरस खाऊन झोपले होते

११ मे २०२४ ची सकाळ. शनिवार म्हणून आरामात उठले, फोन बघितला तर मेसेज दोनशेच्या वर. परदेशात राहणाऱ्यांना माहितीये, सकाळी इतके मेसेज दिसले की पोटात गोळाच येतो, पहिला विचार आई-बाबांचा. पण अलिबागकडनं काहीच नव्हतं, सगळे इथलेच, इंग्लंडात लीड्समधल्या मराठी ग्रुपवरचे, आणि मेसेज कसले, नुसते फोटो, अरोराचे, म्हणजे ध्रुवांकडे रात्री आकाशात उमटतो त्या रंगीत प्रकाशाचे. गुलाबी आकाश, जांभळं आकाश, कुणाच्या तरी कचऱ्याच्या डब्यांच्या रांगेवर लखलखीत हिरवं आकाश. मागच्या गल्लीतल्या काकू, ज्या रात्री साडेनऊनंतर फोनसुद्धा उचलत नाहीत, त्यांचा गाऊनवर शाल पांघरलेला सेल्फी आणि डोक्यावर किरमिजी मांडव घातल्यासारखं आकाश. खाली त्यांनीच लिहिलेलं, "मुलींनो उठा गं, बाहेर या, देवाशप्पथ खोटं नाही." वेळ रात्री १०:५२.

१०:५२ ला मी घोरत होते.

त्याचं असं झालं की १० मे म्हणजे अक्षय्य तृतीया. सकाळपासून त्याच ग्रुपवर सोन्याच्या नाण्यांचे, कलशाचे, लक्ष्मीचे फोटो आणि "हार्दिक शुभेच्छा" असा मारा सुरू होता, ऑफिसच्या मीटिंगमध्ये फोन इतका थरथरत होता की दुपारी वैतागून ग्रुप म्यूट केला आणि संध्याकाळी फोनच सायलेंटवर टाकला. ऑफिसमधून आल्यावर पुऱ्या केल्या, ब्रॅडफर्डहून आणलेली हापूसची एक पेटी होती तिचा आमरस, बटाट्याची भाजी, आणि आमरस-पुरी जेवल्यावर माणसाचं जे व्हायचं ते झालं. नवरा दहाला आडवा, लेक त्याच्याआधी, मी भांडी मशीनमध्ये लावली, पडदे ओढले, हो, पडदेही मीच ओढले, आणि झोपले. ते रंग उमटवणारं, सूर्याकडून आलेलं, एकवीस वर्षांतलं सगळ्यात मोठं भूचुंबकीय वादळ आमच्या छपरावरनं गेलं आणि मधे फक्त एक जाड पडदा होता, आयकियाचा, तोही उजेड येऊ नये म्हणून मुद्दाम घेतलेला.

त्या सकाळी मी बाबांना फोन केला. बाबा रिटायर्ड शिक्षक, आकाशातल्या कुठल्याही गोष्टीत त्यांना रस. सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "अलिबागसे आयी है क्या?"

हे वाक्य अलिबागच्या माणसाला आयुष्यात किमान शंभर वेळा ऐकावं लागतं. मुंबईत कुणी काही वेंधळेपणा केला की हेच. २०१९ मध्ये आमच्याकडच्या एकांनी या वाक्यावर बंदी घाला म्हणून थेट मुंबई हायकोर्टात याचिका केलेली, कोर्टाने ती फेटाळली, तेव्हा बाबांना फार वाईट वाटलेलं. पण त्या दिवशी त्यांनीच ते मला ऐकवलं आणि मला उत्तर सुचलं नाही. मागून आई विचारत होती, "कोण अरोरा आले होते?" तिला आमच्या वरच्या मजल्यावरचे पंजाबी अरोरा आठवले असणार, ते आता दिल्लीला गेले.

मग बाबा जे म्हणाले त्याच्यामुळे हे सगळं लिहितेय. म्हणाले, "तू झोपलीस, मीही झोपलो होतो, पण आपल्या वेधशाळेत सुई जागी असणार. तिने बघितलं असेल."

अलिबागच्या बाहेरच्यांना हे माहीत नसतं म्हणून जरा सविस्तर सांगते. आमच्याकडे समुद्रकिनाऱ्याजवळ एक जुनी चुंबकीय वेधशाळा आहे. दुर्बीण वगैरे काही नाही, तिथे बसून तारे बघत नाहीत, तिथे पृथ्वीचं चुंबकत्व मोजतात, रोज, सव्वाशे वर्षं होत आली. आधी ही वेधशाळा मुंबईत कुलाब्याला होती आणि तिथे १८४० च्या दशकापासून मोजमाप चालू होतं. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं आणि विजेचा प्रवाह रस्त्यातून धावायला लागला की चुंबकाच्या सुया वेड्या होणार हे उघडच होतं. तेव्हा नानाभाई मूस नावाचे पारशी गृहस्थ कुलाब्याचे संचालक होते, त्या जागेवर बसलेले पहिले भारतीय, त्यांनी खाडीपल्याड अलिबागला जागा शोधली आणि १९०४ मध्ये इथे काम सुरू केलं. नुसतं बिऱ्हाड नाही हलवलं, १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजलं, म्हणजे जुन्या आकड्यांना नवे आकडे नीट जोडता यावेत, मधे खंड पडायला नको. मला हे फार आवडतं. घर बदलताना आपण जुन्या घरात एक रात्रसुद्धा जास्त राहत नाही. इमारत पोरबंदरच्या दगडाची, कारण त्या दगडात चुंबकत्व नाही, आणि बांधताना लोखंड टाळलेलं.

लहानपणी त्या कंपाउंडवरून किनाऱ्यावर जाताना बाबा दरवेळी सांगायचे, आतल्या सुईला लोखंड चालत नाही. मी इतकी घाबरायचे की केसातल्या पिना काढून मुठीत घट्ट धरून पळत तो रस्ता ओलांडायचे. मुठीत धरलेलं लोखंड सुईला कळणार नाही असं का वाटायचं कोण जाणे. आपल्या दोन पिनांमुळे पृथ्वीची उत्तर दिशा चुकेल ही भीती मात्र खरी होती.

तर बाबांच्या बोलण्यावरून त्या आठवड्यात मी शोधत बसले आणि सापडलं. जगभरच्या अशा वेधशाळांचं इंटरमॅग्नेट म्हणून एक जाळं आहे, त्यात अलिबागही आहे, एबीजी या तीन अक्षरांनी, आणि कुठल्याही दिवसाचा आलेख काढून बघता येतो. १० मे चा काढला. दिवसभर रेघ कशी, दुपारचं भरतीचं पाणी असावं तशी, हळू वर हळू खाली. आणि मग भारतीय वेळेनुसार रात्री १०:३५ च्या सुमाराला एकदम उभी उडी. सूर्याकडून निघालेला ढग पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळला तो क्षण. त्यानंतर रेघ जी कोसळली ती सकाळपर्यंत. वादळ केवढं ते सांगायला जगभरचा मिळून जो आकडा काढतात तो उणे चारशे नॅनोटेस्लाच्या (हे चुंबकत्व मोजायचं एकक) पलीकडे गेला होता. अलिबागच्या जमिनीला समांतर असं जे चुंबकीय बळ आहे ते साधारण अडतीस हजार नॅनोटेस्ला, म्हणजे शंभरातला एकच भाग हलला, तुमच्या आमच्या होकायंत्राला पत्ता लागणार नाही. पण सुईला लागला.

रात्री १०:३५ म्हणजे इथे लीड्समध्ये संध्याकाळचे ६:०५. मी पुऱ्या लाटत होते.

ते बघून मला जे वाटलं ते नीट सांगता येत नाही. चुकल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त हेवा वाटला, माझ्याच गावातल्या एका सुईचा. तिला ढग आडवे येत नाहीत, तिला दिवस-रात्र नाही, तिला आमरस नाही.

मग अर्थातच मला वेड लागलं. फोनवर तीन अ‍ॅप आले. लँकेस्टर युनिव्हर्सिटीचं अरोरावॉच यूके, ते इथल्या सुया किती हलल्या त्यावर रंग बदलतं, ५० नॅनोटेस्लाला पिवळा, १०० ला अंबर, २०० ला लाल. आणि एक केपी, जगभरचं चुंबकत्व किती हललं त्याचा शून्य ते नऊ असा आकडा, दर तीन तासांचा. सुरुवातीला मी केपीच बघायचे, केपी सात म्हटलं की जॅकेट घालून अंगणात. हळूहळू कळलं की जुने जाणते लोक केपीकडे बघतच नाहीत, ते बघतात बीझी. सूर्याकडून जो वारा येतो तो आपलं स्वतःचं चुंबकत्व घेऊन येतो आणि त्याचं तोंड उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे यावर सगळा खेळ. उत्तरेकडे असलं तर कितीही जोरात येऊ दे, आपलं कवच त्याला बाजूने काढून देतं. दक्षिणेकडे असलं की मात्र दोन्हींची गाठ बसते, दार उघडतं, शक्ती आत येते. आमच्याकडे दक्षिणमुखी घर कुणी घेत नाही, ब्रोकरसुद्धा आधीच सांगतो. इथे मी रात्री अकराला किचनमध्ये उभी राहून देवाला म्हणतेय, बीझी दक्षिणमुखी होऊ दे. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मारुती दक्षिणमुखीच चांगला असतो." मग झालं तर.

आणि गंमत म्हणजे हे तोंड कुठे आहे ते तो वारा जवळजवळ दारात येईपर्यंत कळतच नाही. सूर्यावर स्फोट झालेला दिसतो आठ मिनिटांत, ढग निघतो, एक ते तीन दिवस प्रवास करतो, आणि त्याचं चुंबकत्व मोजणारी यानं आहेत ती पृथ्वीपासून फक्त १५ लाख किलोमीटरवर, एल-वन नावाच्या बिंदूपाशी. आपलं आदित्य-एल१ पण तिथेच आहे, ६ जानेवारी २०२४ ला पोचलं. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर, आणि हे पहारेकरी वाटेच्या शंभराव्या भागावर, म्हणजे चोर फाटकातून आत आल्यावर कुत्रा भुंकणार. तुमच्या हातात वेळ मिळतो पंधरा मिनिटं ते तासभर. तेवढ्यात लेकीला उठवायचं, मोजे शोधायचे, नवऱ्याची "उद्या ऑफिस आहे" ही ओळ ऐकायची आणि गाडी काढून गावाबाहेर अंधारात जायचं.

आम्ही जातो ते ऑटली चेविनला. लीड्सच्या वायव्येला एक डोंगर आहे, वर कार पार्क, नाव सरप्राइज व्ह्यू. मी ठेवलेलं नाही, बोर्डावरच लिहिलंय. तिथून उत्तरेकडे खाली ऑटली गाव आणि पलीकडे मोकळी दरी. लीड्सचा उजेड पाठीमागे राहतो. गेल्या दीड वर्षात मी तिथे किती वेळा गेले ते नवऱ्याने मोजलंय, मी मोजलेलं नाही.

एकदा दिसला. म्हणजे दिसला असं म्हणता येईल का हाच वाद आहे.

१२ ऑगस्ट २०२४, दुसरा श्रावणी सोमवार, मला उपास, आणि त्याच रात्री पर्सिड उल्कावर्षावाचा जोर. त्यासाठीच गेलेलो, चटया, थर्मास, साबुदाण्याची खिचडी डब्यात. दुपारीच जी-फोर, म्हणजे पाचातल्या चौथ्या पायरीचं, वादळ लागलंय असं कळलं होतं त्यामुळे मी जरा जास्तच उतावीळ. साडेदहा झाले, अकरा झाले, तीनचार उल्का दिसल्या, लेकीने त्या प्रत्येकीला काहीतरी मागितलं. मग उत्तरेला क्षितिजाच्या जरा वर एक पट्टा दिसायला लागला. करडा. राखाडी. जुन्या कॉटनच्या धोतरासारखा. मी म्हटलं, ते बघ. लेक म्हणाली, "आई, ढग आहे तो." शेजारच्या गाडीतला मुलगा कॅमेरा लावून बसलेला, त्याने तीन सेकंदांचा फोटो काढला आणि स्क्रीन आमच्याकडे फिरवली, स्क्रीनवर तोच पट्टा हिरवागार आणि त्याच्या वर गुलाबी खांब.

आम्ही सगळे एकदा स्क्रीनकडे बघायचो एकदा आकाशाकडे. आकाशात धोतर, स्क्रीनवर पैठणी.

नंतर वाचलं की यात फसवणूक कुणाचीच नसते. अंधारात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही, प्रकाश खूप वाढला तरच रंगवाल्या पेशी जाग्या होतात. मे महिन्यातला इतका प्रचंड होता की साध्या डोळ्यांना रंग दिसले, काकूंनी देवाशप्पथ सांगितलंच आहे. ऑगस्टमध्ये आमच्या वाट्याला आलेला तितका नव्हता. म्हणजे रंग होता, मला दिसला नाही. आता मी अरोरा बघितला की नाही? नवरा म्हणतो बघितला, लिस्टमधून काढून टाक. लेक म्हणते ढग. मी तो फोटो स्टेटसला ठेवला नाही, एक तर तो माझा नव्हता, आणि लोकांनी "वॉव" लिहिलं असतं ते मी न बघितलेल्या गोष्टीला.

त्या रंगांबद्दल मात्र एक गोष्ट कळली ती मनात घर करून बसलीये. हिरवा आणि लाल दोन्ही ऑक्सिजनचेच. हिरवा साधारण शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर, लाल त्याच्या बराच वर, दोनशेच्या पुढे. वरून आलेल्या कणांचा धक्का बसला की अणू उत्तेजित होतो आणि मग ती शक्ती प्रकाश म्हणून सोडतो. हिरव्यासाठी त्याला पाऊण सेकंद लागतो. लाल प्रकाश सोडायला जवळजवळ दोन मिनिटं. आणि त्या दोन मिनिटांत दुसऱ्या कुणी येऊन टक्कर दिली तर शक्ती तशीच जाते, उजेड पडतच नाही. म्हणून लाल फक्त खूप उंचावर, जिथे हवा इतकी विरळ की अणूला दोन मिनिटं कुणी हात लावत नाही. आठ वर्षांच्या मुलीची आई म्हणून मला त्या ऑक्सिजनचं दुःख चटकन कळलं.

आणि उंचावर म्हणूनच तो लांबूनही दिसतो. लांबच्या डोंगरामागचा वणवा कसा, ज्वाळा दिसत नाहीत, वरची लाली दिसते. मेच्या त्या रात्री लडाखमध्ये हानलेच्या वेधशाळेतल्या कॅमेऱ्यांनी टिपली ती हीच लाली. हानले साडेचार हजार मीटरवर, भारतातलं पहिलं डार्क स्काय रिझर्व्ह, तिथे क्षितिजाजवळ लाल पट्टा आला. भारतातून! मी बाबांना ते फोटो पाठवले तर बाबांचं म्हणणं, हे काहीच नाही, मुंबईतूनही दिसलाय. मला वाटलं बाबांचं आता वय झालं. पण नाही, ४ फेब्रुवारी १८७२ ला खरंच एक राक्षसी वादळ झालं होतं, तेव्हाच्या मुंबईच्या वर्तमानपत्रात अरोरा दिसल्याची बातमी आहे, आणि एडनकडे जाणारी समुद्राखालची तारसुद्धा काही तास बिघडली होती. रविवार होता. मला ती रात्र डोळ्यासमोर आणायला फार आवडतं. गिरगावातल्या एखाद्या वाडीत पहाटे कुणी पाण्याला उठलं असेल, उत्तरेला तांबूस उजेड, त्याला काय वाटलं असेल? आग लागली, दुसरं काय वाटणार. आपण जे सहा हजार पाऊंडांची आइसलँडची टूर काढून बघायला जातो ते त्याला फुकटात दिसलं आणि त्याने बहुतेक बादली उचलली.

त्याच्याही आधीचं १८५९ चं तर बाबांचं लाडकं. १ सप्टेंबरला इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा खगोलशास्त्रज्ञ सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत होता आणि त्याला डागांमध्ये पांढऱ्या उजेडाचे दोन ठिपके लखकन उजळलेले दिसले. अठरा तासांच्या आत पृथ्वीवर वादळ आलं, अमेरिकेत तारमास्तरांनी बॅटरी काढून ठेवून नुसत्या आकाशातल्या विजेवर तारा पाठवल्या. त्यावेळी इथल्या ग्रीनिचच्या, क्यूच्या वेधशाळांतल्या उपकरणांच्या रेघा कागदाबाहेर गेल्या, म्हणजे वादळ किती मोठं ते त्यांना सांगताच येईना. आणि कुलाब्याला मात्र माणूस बसून आकडे वाचून लिहीत होता. वादळ लागलंय म्हटल्यावर दर थोड्या मिनिटांनी, हाताने. २ सप्टेंबरची दुपार जवळ आलेली, मुंबईत भर दिवस, आकाशात बघण्यासारखं काहीही नाही, पावसाळी कोंदट हवा, आणि त्याच्या समोरचा आकडा सोळाशे नॅनोटेस्लाने खाली गेला. २००३ मध्ये त्सुरुतानी आणि आपले गुरबक्ष लखीना वगैरे शास्त्रज्ञांनी हे कुलाब्याचे आकडे जगासमोर मांडले तेव्हा ते वादळ नेमकं केवढं होतं हे कळलं. त्या आकडे लिहिणाऱ्याला काही दिसलं नव्हतं. एकशे चव्वेचाळीस वर्षांनी कामाला आलं.

असो. भरकटले. ऑक्टोबरवर येते, कारण ऑक्टोबर मला अजून पचलेला नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मी नवरात्रात अलिबागला गेले, एकटीच, आईच्या गुडघ्यासाठी. लेकीची शाळा म्हणून ते दोघं लीड्सला. १० तारखेला आमच्याकडे सगळ्यांच्या फोनवर एकच विषय, रतन टाटा आदल्या रात्री गेले होते. दिवसभर टीव्हीवर तेच, आई डोळे पुसत बघत होती. बाहेर ऑक्टोबरचा उकाडा, अंगाची चिकचिक. मला अ‍ॅपने रात्री झोपायच्या आधीच सांगितलं होतं, जी-फोर, बीझी खोल दक्षिणेला. मी नवऱ्याला मेसेज केला, आज बघ. त्याने अंगठा दाखवला. त्या अंगठ्याचा अर्थ सहसा "वाचलं, विसरलो" असा असतो.

पहाटे पाचला डासांमुळे जाग आली आणि फोन बघितला. फोटो आमच्या मागच्या अंगणाचा. कपडे वाळत घालायची दोरी, लेकीची सायकल, लेक पायजम्यावर पप्पांचं जॅकेट घालून उभी, तोंड वर, आणि वर सगळं लाल. नुसतं क्षितिजाजवळ नाही, डोक्यावर. खाली नवऱ्याने लिहिलं होतं, "चेविनला जायची पण गरज नाही पडली."

पाच महिने थंडीत उभी मी. आणि अंगणातून बघितला त्या माणसाने, दोरीवरचे कपडे आत घ्यायला गेलेला म्हणे.

मी खाली आले, चपला घातल्या आणि उजाडायच्या आत चालत वेधशाळेपर्यंत गेले. का गेले माहीत नाही. गेट बंद, आत झाडं, पाखरं नुकती बोलायला लागलेली, समुद्राची गाज. केसात क्लचर होता, त्याची स्प्रिंग लोखंडी असते, तो मी काढून हातात घेतला. सवय. आत कुठेतरी तेव्हाही रेघ ओढली जातच असणार, वादळ संपलं नव्हतं. मी त्या क्षणी लीड्सपासून सात हजार किलोमीटरवर होते पण वादळापासून लांब नव्हते, ते तिथेही होतं, माझ्या अंगावरूनच जात होतं, फक्त दिसत नव्हतं. एक माणूस मॉर्निंग वॉकला चाललेला, त्याने विचारलं, "कोण पाहिजे?" मी म्हटलं, कुणी नाही.

घरी आल्यावर बाबांना लेकीचा फोटो दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघितला, मग फोटो मोठा करून तिचा चेहरा बघितला, आकाश नाही, आणि म्हणाले, "हिच्या पायात चपला नाहीत."

त्यानंतर वर्षभर किरकोळ काही काही होत राहिलं. सूर्याचं हे जे अकरा वर्षांचं चक्र असतं त्याचा भर आता ओसरत जाणार, पण वादळं उतारावरही येतात, २००३ मधली ती मोठी दिवाळीच्या सुमाराची वादळं अशीच उतारावर आलेली. म्हणून मी अ‍ॅप काढलेले नाहीत.

१२ नोव्हेंबर २०२५. आदल्या दिवशी सूर्यावर एक्स-पाच, म्हणजे सगळ्यात जोरदार वर्गातला, स्फोट, आधीच दोन ढग वाटेत, हा तिसरा मागून. आदल्या रात्री अमेरिकेत थेट फ्लोरिडापर्यंत दिसलेला, तिथल्या मावसबहिणीने फोटो पाठवून जखमेवर मीठ चोळलेलं. अरोरावॉच लाल. मी या वेळी फोन फुल व्हॉल्यूमवर ठेवलेला, पडदे उघडे, रात्रीचं जेवण हलकं, मुगाची खिचडी. साडेनऊला आम्ही तिघं चेविनवर. कार पार्क भरलेला. आणि आकाशात इकडून तिकडे एकसंध ढग, लीड्स-ब्रॅडफर्डचा नारिंगी उजेड त्याला खालून लागलेला.

कुणी जात नव्हतं. विशेष म्हणजे कुणी वैतागलेलंही नव्हतं, लोक गाडीत बसून चिप्स खात होते, एक आजोबा कुत्र्याला घेऊन प्रत्येक गाडीपाशी जाऊन सांगत होते की बाराला उघडणार, त्यांना गुडघ्यावरून कळतं. लेक मागे झोपली. नवराही. पावणेअकराला बाबांचा व्हिडिओ कॉल, तिकडे पहाटेचे सव्वाचार. ते उठून बसले होते, अंगात बनियन, डोळ्यांवर चष्मा.

"दाखव."

मी फोन बाहेर काढून उत्तरेकडे धरला.

"काळं दिसतंय सगळं."

"ढग आहेत, बाबा."

"मग थांब जरा. मी पण आहे."

मी एबीजीचा आलेख उघडला, त्यांना वाचून दाखवायला, किती खाली गेलाय ते. त्यांनी दोनदा "हं" केलं, तिसऱ्यांदा केलं नाही. फोन त्यांच्या हातातून गादीवर पडला असणार, स्क्रीनवर आमच्या अलिबागच्या खोलीचं छत आलं आणि एक नंबरवर फिरणारा पंखा. घोरणं ऐकू येत होतं. कॉल कट करायचं मला जमेना. फोन डॅशबोर्डवर टेकवून ठेवला, काचेतून वर ढग, खाली पंखा, आणि मी आळीपाळीने दोन्हींकडे बघत बसले, कुत्र्यावाल्या आजोबांचे बारा वाजायची वाट बघत.